एकतीस टक्क्यांचा जावई

मी आठवीच्या वर्गाला जीवनसत्त्वं शिकवतो. कशाच्या अभावानं रातांधळेपणा येतो, कशाच्या अभावानं हिरड्यांतून रक्त येतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. त्यामुळे पुढचं ऐकून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच कोणी हसलं की माझी गाडी रुळावरून उतरते. आमच्या स्टाफरूममध्ये हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तिथे माझी थोडीफार इज्जत आहे, निदान असा माझा समज आहे.

झालं असं की राजापेठेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर कुलदीप नावाचा भाडेकरू आला. मूळचा अकोल्याचा, बोलायला गोड, आणि गळ्यात टाय. राजापेठेत टाय एक तर शाळेतली पोरं बांधतात, नाही तर वरातीतला नवरदेव. याचा टाय रोजचा होता, म्हणून आम्हा सगळ्यांना तो मोठा माणूस वाटला. एका रविवारी त्यानं पार्किंगमध्ये टेबल मांडून 'मोफत संपूर्ण शरीर तपासणी'चा बॅनर लावला.

"तुमाले काय झालं तपासाले? दोन टाइम चांगले जेवून राहिले ना?" दीपमाला, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून म्हणाली.

पण मोफत हा शब्द वाचल्यावर घरी बसून राहणं मला आजवर जमलेलं नाही. मी चपला घालून खाली गेलो.

मशीन म्हणजे एक लॅपटॉप, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला पितळेची दांडी. रक्त नको, लघवी नको, सुई नको. दांडी मुठीत धरायची आणि गप्प बसायचं. गप्प बसायचा भाग मला जड गेला, पण बसलो. पडद्यावर हृदय, किडन्या, आतडी रंगीबेरंगी होऊन गरगर फिरली आणि कुलदीपनं सुस्कारा सोडला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. तुमची इम्युनिटी एकतीस टक्के आहे."

एकतीस! अहो, ज्या माणसानं जन्मभर पस्तीसला पोरं पास केली, त्याच्या नशिबी एकतीस! आणि माझ्यामागे रांगेत आमच्या सोसायटीचे सचिव वानखडे होते. गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर मुक्काम. त्यांना बासष्ट! फर्स्ट क्लास! त्यांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, तब्येतीले जपत जा." तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो.

एवढ्यावर भागलं नाही. ड जीवनसत्त्व कमी निघालं आणि क तर अत्यल्प. आता माझी सासुरवाडी चांदूर बाजारची. सासऱ्यांचा, भगवंतरावांचा, संत्र्याचा बगीचा आहे. दिवाळीपासून आमच्या बाल्कनीत पाय ठेवायला जागा नसते इतके क्रेट येतात, आणि ते संपवायची जबाबदारी मुख्यत्वे माझ्यावर असते. अशा माणसात क जीवनसत्त्व कसं नाही, हा प्रश्न आठवीतल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानंही विचारला असता. मी विचारायला तोंड उघडलंही होतं.

"सर, खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं," कुलदीप म्हणाला.

वाक्य असं गुळगुळीत होतं की माझी शंका त्यावरून घसरून पडली. मी हिरव्या पावडरीचा डबा आणि कॅप्सुलांची बाटली घेऊन वर आलो. तपासणी मोफत होती, डबा नव्हता. दीपमालेनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाजीला फोडणी जरा जास्तच जोरात दिली.

बातमी जिन्यानं माझ्याआधी वर गेली होती. शेजारच्या पार्बताबाई दारातच उभ्या. "मशीन-बिशीन काई नाई, सर. गुळवेलाचा काढा घ्या. माह्या दिराले तोच देत होतो आमी."

"बरे झाले का मग ते?"

"ते तं गेले. पन काढा भलता असली होता."

ड जीवनसत्त्वासाठी मी गच्चीवर उन्हात बसायचं ठरवलं. गच्चीला कुलूप, चावी सचिवांकडे, आणि सचिव सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. "अर्ज द्या, कारण लिहा," वानखडे म्हणाले. मी 'ऊन घेणे' असं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि अर्ज परत केला. "हे कारण बसत नाई, सर. पान्याची टाकी, डिश अँटेना आनि पापड वाळवनं, एवढीच कारनं मंजूर हायत. उनासाठी मीटिंग बोलवा लागते, ठराव पास करा लागते." मी म्हटलं, अहो वानखडे साहेब, ऊन काय सोसायटीच्या मालकीचं आहे? ते म्हणाले, ऊन नाही, पण ते पडते ते छत सोसायटीचं आहे. माणूस खर्रा खातो, पण मुद्दा सोडत नाही.

शेवटी 'पापड वाळवणे' या कारणाखाली मला चावी मिळाली. दीपमालेनं नोव्हेंबरात पापड लाटायला साफ नकार दिला. मग मी बाजारातून पाकीट आणून ते फोडलं, मांडलं आणि शेजारी बनियन काढून बसलो. समोरच्या इमारतीत ट्यूशन क्लास आहे हे मला माहीत होतं. त्याची खिडकी नेमकी गच्चीकडे उघडते, हे नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर फळ्यावर कुणीतरी पापड काढून ठेवला होता. मी काही न बोलता पुसला आणि 'चुंबकत्व' हा धडा घेतला.

पण पावडरीचा दुसरा डबा घेतल्यावर चमत्कार झाला. मशीननं शहात्तर दाखवले! एकतीसवरून शहात्तर, म्हणजे नापास पोरगं थेट डिस्टिंक्शनमध्ये! मी मुद्दाम वानखड्यांच्या दारावरून दोनदा गेलो. डबा घेतला की टक्के वाढतात आणि नाही घेतला की घसरतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. माणूस पास झाला की पेपर कुणी तपासला ते विचारत नाही.

मग कुलदीप मला अकोल्याला घेऊन गेला. एका हॉटेलचा हॉल, टाळ्या वाजवायला शिकवून ठेवलेली माणसं, आणि माझ्या छातीवर तिरका पट्टा, 'हेल्थ चॅम्पियन'. "सर, अनुभव सांगा," असं म्हणून माझ्या हातात माइक दिला. मास्तरच्या हातात माइक देऊ नये, हे अकोल्यात कुणाला ठाऊक नसावं. मी अनुभव सांगितला, पापड वगळून. टाळ्या आल्या. टाळ्या आल्यावर मला आणखी सुचायला लागलं.

"मित्रांनो," मी म्हणालो, "गोळ्यांनी शरीर आळशी होतं! आतली ताकद वाढवा, गोळ्या आपोआप सुटतील!"

हॉल दणाणला. आता मजा अशी की मी स्वतः जन्मात कुठली गोळी नियमानं घेतलेली नाही, जेवणानंतरची हिंगाची सोडून. सोडायला माझ्याकडे गोळीच नव्हती. मी ती दुसऱ्यांना सोडायला लावत होतो.

कुलदीपनं त्याचा व्हिडिओ केला आणि मी तो मोठ्या अभिमानानं सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. दीपमाला म्हणाली, "पट्टा कायचा घातला हा? इलेक्शनले उभे राहिले काय?" पण सासरे भगवंतराव यांनी हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. मला भरून आलं.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी डॉक्टर सुगत तायडेंचा फोन आला. सुगत माझा जुना विद्यार्थी. चांदूर बाजारला त्याचा दवाखाना आहे आणि मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तोच पाहतो.

"सर, रागावू नका," तो म्हणाला. "काकांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. म्हणतात, जवाईबापूंनी स्टेजवरून सांगितलं. आज गजेंद्रभाऊंनी वडिलांना ओढून आणलं. वरचा आकडा एकशे नव्वद आहे. असंच राहिलं तर कधीही लकवा मारू शकतो. मी समजावून थकलो. माझं ऐकत नाहीत, सर, तुमचं ऐकतात."

मी काहीतरी इम्युनिटी, टक्के असं पुटपुटलो.

"सर, इम्युनिटी अशी टक्क्यांत मोजतच नाहीत. आणि शरीरात कुठलं व्हिटॅमिन किती आहे ते दांडी धरून कळत नाही. हे तर तुम्ही आम्हाला..." शाळेतल्या माझ्या मारामुळे त्याच्या अंगी वाक्य अर्धं सोडायचा हा आदर आला असेल तर मी तो मार परत घेतो.

दीपमालेनं सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मले बाप एकच हाय. तुमच्या तोंडानं बंद झाल्या गोळ्या, आता तुमच्याच तोंडानं चालू करा."

सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. माझं डोकं रात्रीपासूनच चाललं होतं, आणि माझं डोकं चालायला लागलं की घरच्यांनी सावध व्हायला हवं. मी निघण्याआधीच कुलदीपला गाठून म्हटलं होतं, मशीन घेऊन चांदूर बाजारला ये, आणि मशीनमधून सासऱ्यांना गोळी लागते असं निघू दे. "सर, मशीन खोटं बोलत नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. पण बगीच्यात रोडग्यांचं जेवण आहे, गावातले पाहुणे येणार, हे कळल्यावर लगेच तयार झाला.

बगीच्यात गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजणं चाललं होतं. सासूबाई गोदाबाई वांग्याच्या भाजीपाशी होत्या. पाहुणे झाडाखाली बसून संत्री सोलत होते. मामाजी बाजेवर बसलेले, चेहरा लालबुंद, एक हात सारखा डोक्याकडे जात होता. माझा साळा गजेंद्र माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काहून भाऊजी, पट्टा नाई आनला आज?"

मी मामाजींसमोर बसलो. "मामाजी, गोळ्या चालू करा. मी चुकीचं बोललो होतो."

ते हसले. "तुमाले दीपमालानं शिकवून आनलं. नाई तं या गजानं."

"नाही हो, मामाजी. खरंच चुकलो मी."

"चुकले कसे?" मामाजींचा आवाज चढला. "या पोरीसाठी पाच ठिकानं पाह्यले मी. एकाचं पंपाचं दुकान, एकाची जमीन आमच्याहून मोठी. मी म्हनलं नाई, पोरगी मास्तरले देऊ. मास्तर शिकेल हाय, इचार करून बोलते. आता तुमी म्हन्ता चुकलो, मंग मी चुकलो म्हना ना! एवढी वर्सं गावात सांगत राहिलो, आमच्या जवायाचा शब्द म्हंजे शब्द. नाई बाप्पा. एकदा जवायानं सांगितलं का सांगितलं."

लग्न झाल्यापासून मला वाटायचं, सासुरवाडीत आपला शब्द कुणी खाली पडू देऊ नये. देवानं नेमकी तीच इच्छा पुरी केली, आणि तीच आता म्हाताऱ्याच्या जिवावर उठली होती. मला स्वतःची अशी लाज वाटली की समोरच्या विहिरीत उडी मारावी, पण पोहता येतं.

तेवढ्यात कुलदीप पोचला. टाय, लॅपटॉप, पिशवीत हिरवे डबे. मी त्याला डोळ्यांनी खूण केली. त्यानं मामाजींच्या हातात दांडी दिली. किडन्या फिरल्या, हृदय फिरलं.

"वा, काका!" कुलदीप म्हणाला. "चौऱ्यांशी टक्के! ब्लडप्रेशर एकदम उत्तम!"

गोळ्या सोडलेला माणूसच नापास निघाला असता, तर पाहुण्यांना डबे कसे खपले असते? मामाजींनी सगळ्या पाहुण्यांवरून एकदा नजर फिरवली. "पाह्यलं? जवायाचा शब्द!" पाहुण्यांनी माना हलवल्या. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दीपमाला माझ्याकडे पाहतच नव्हती, ती रोडग्यांच्या जाळाकडे पाहत होती.

आणि तेव्हा, काय सांगू, मला राग आला. कुलदीपचा कमी, माझा जास्त. वर्षानुवर्षं मी आठवीच्या पोरांना घसा कोरडा करून सांगतो, ऐकू नका, प्रयोग करून पाहा. आणि स्वतः? स्वतः पापड मांडून बसलो! मी मामाजींच्या हातातली दांडी घेतली, ढिगातलं एक मोठं संत्रं उचललं आणि दांडी त्याच्यात खुपसली.

"सर, असं नका करू, मशीन नाजूक असते!" कुलदीप ओरडला. पण गजेंद्र तोवर लॅपटॉपसमोर बसला होता. मघाशी कुलदीपनं कुठलं बटण दाबलं ते त्यानं नीट पाहून ठेवलं होतं.

"नाव काय टाकू?"

"टाक काहीही."

त्यानं माझंच टाकलं. संधी सोडेल तो गजेंद्र कसला.

किडन्या फिरल्या. आतडी फिरली. संत्र्याचं हृदयसुद्धा फिरलं. गजेंद्र मोठ्यानं वाचायला लागला, "गुडघ्याची झीज. लिव्हर थकलेलं. पचन मंद." पाहुणे सोलायचे थांबले. "क जीवनसत्त्व, अत्यल्प."

मामाजी बाजेवरून खाली उतरले.

"दांडी कोनाच्या हातात होती, गजा?"

"कोनाच्याच नाई, बाबा. तुमच्या समोर तं हाय. संत्र्यात."

"म्हंजे हे मशीन म्हन्ते, माह्या संत्र्यात ते व्हिटामिन नाई?"

कुलदीप म्हणाला, "काका, तसं नाही, खाणं वेगळं आणि..."

"गप!" मामाजी असे गरजले की मला त्यांच्या एकशे नव्वदची धास्ती वाटली. "दिल्लीच्या यापाऱ्यानं भाव पाडला, तवा बी त्यानं माह्या मालाले असं म्हनलं नाई! आमची जिंदगी गेली ह्या झाडाइच्या खाली, आनि तुयं डबडं सांगते संत्र्यात दम नाई? अन् मले चौऱ्यांशी? रातभर डोकं ठनकून राह्यलं माहं, डोळ्यापुढे अंधारी येऊन राह्यली, आनि मले उत्तम म्हन्ते!"

एवढे दिवस त्यांनी डोकं ठणकतं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. जावयाचा शब्द खोटा पडला असता ना.

कुलदीप वायर गुंडाळून निघाला, तर मामाजींनी त्यालाही हटकलं. "कुठी चालला? रोडगे झाले हायत. आमच्या बगीच्यातून कोनी उपाशी जात नाई. जेव आनि मंग निंघ. आनि त्या डब्याइचं नाव काढलं तं पाहून घे!" कुलदीप टाय सांभाळत पंगतीत बसला. त्याच्या पानात वांग्याची भाजी गोदाबाईंनी वाढली. इतकी तिखट भाजी मी सासुरवाडीत पहिल्यांदाच पाहिली.

मग मामाजी पाहुण्यांकडे वळले. "पाह्यलं ना? जवाई नाई चुकले. मशीननं फसवलं त्याइले. आमचे जवाई साधे हायत."

घ्या! म्हणजे माझी इज्जत धुऊन, इस्त्री करून मला परत मिळाली. मी फक्त मान डोलवायची होती. तेवढ्यात मामाजींनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. म्हणजे पट्टी खिशातच होती, एवढे दिवस.

"बोला जवाईबापू. एवढ्या दिवसाची सुटली, तं आता दोन दोन घेऊ का? का तीन? आता घेऊ का जेवून घेऊ? तुमी सांगसान तसं."

सगळा बगीचा माझ्या तोंडाकडे पाहत होता. पाहुणे, गजेंद्र, हातात उलथनं धरून उभ्या गोदाबाई, पंगतीत नाक पुसणारा कुलदीप. आणि खरं सांगतो, उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. दोन घ्या, जेवण झाल्यावर, असं काहीतरी, छान ठासून. मला अशी उत्तरं आपोआप येतात. मग मला दीपमाला दिसली. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"मामाजी, मले नाई माहीत," मी म्हणालो. तोंडून वऱ्हाडीच आलं, शाळेतलं मराठी कुठे गेलं कुणास ठाऊक. "मले तवा बी माहीत नव्हतं. मशीनचं काई नाई, मी फोकनाड बोललो, टाळ्या वाजल्या म्हनून. गोळीचं सुगतले इचारा. तो डाक्टर हाय, मी नाई."

पाच ठिकाणांतलं पंपाचं दुकान मामाजींच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मग त्यांनी गोळ्यांची पट्टी परत खिशात घातली, टोपी नीट केली आणि काठी उचलली.

"गजा, गाडी काढ रे!"

"आता? बाबा, पाने वाढून झाले. रोडगे थंडे होतीन."

"होऊ दे! इकडे लोकं बसले हायत, सगळ्याइनं ऐकलं ना? जवाईबापू म्हन्तात, डाक्टरले इचारा," मामाजी म्हणाले. "जवायाचा शब्द हाय." आणि ते तरातरा चालत सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसले.